इंजिनिअरच्या घरचा कॉम्प्युटर

निमगाव केतकीत मला इंजिनिअर म्हणतात. ही पदवी मला कुठल्या विद्यापीठानं दिलेली नाही. बारामतीला राहून मी अकरावी सायन्स पूर्ण केली, बारावी अर्धी केली, आणि राहिलेलं विज्ञान गावात येऊन लोकांच्या वस्तूंवर शिकलो. एसटी स्टँडच्या बाजूला माझं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं दुकान आहे. रेडिओ, मिक्सर, टेप, जे येईल ते मी उघडतो. उघडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. लोक मात्र वस्तू पूर्ण मेल्यावरच माझ्याकडं आणतात. थोडी धुगधुगी असली तर इंदापूरला नेतात.

माझी धाकटी बहीण दिपाली याच्या बरोबर उलट. जे हातात घेईल ते तडीस नेणार. आमचे आप्पा तरुणपणी मेंढरं घेऊन मुलुखभर फिरलेले. पुढं कळप मोडून त्यांनी ऊस लावला. त्यांची ही मुलगी बारामतीला सिव्हिलच्या डिप्लोमाला होती, शेवटच्या वर्षाला. मी ज्या रस्त्यानं परत आलो त्याच रस्त्यानं ती रोज एसटीनं जायची, याचा मला अभिमान वाटायचा आणि थोडी लाजही वाटायची.

सत्त्याण्णव साली तिच्यापुढं अडचण उभी राहिली. परीक्षेआधी एका बंगल्याचे सगळे नकाशे कॉम्प्युटरवर काढून द्यायचे होते. कॉलेजात कॉम्प्युटर मोजके आणि रांग मोठी. हिचा नंबर लागायची वेळ आणि आमच्याकडची शेवटची एसटी सुटायची वेळ एकच. नकाशे दिले नाहीत तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर काय, ते आप्पांनी जेवताना सांगून टाकलं होतं. "पास झाली तर नोकरी कर म्हणीन. न्हाय झाली तर पाव्हणे बघायचे. मग माझ्याम्होरं रडायचं न्हाय."

दिपाली रडली नाही. ताट धुवायला उठून गेली. मला तेवढं पुरलं. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि तिच्या हालात भर पडायला सुरुवात झाली.

पुण्याला एका ऑफिसनं जुने कॉम्प्युटर काढले होते, त्यातला एक मी घेऊन आलो. फोर-एटी-सिक्स. एसटीत मॉनिटर मांडीवर आणि कॉम्प्युटरचा डबा पायाशी घेऊन बसलो होतो, आणि विचारेल त्याला, न विचारेल त्यालाही, हा कॉम्प्युटर आहे असं सांगत होतो. घरी आल्यावर तो चालू झाला. दिपालीनं कॉलेजातून आणलेला नकाशांचा प्रोग्राम मात्र उघडेना. बारामतीत विजयसिंह नावाचा एक जण कॉम्प्युटर विकायचा आणि दुरुस्त करायचा. त्यानं सांगितलं की यातला प्रोसेसर स्वस्तातला आहे; अपूर्णांकांची गणितं झटपट करणारा भाग त्यात बसवलेलाच नाही, आणि त्याशिवाय हा प्रोग्राम चालत नाही. म्हणजे मी सगळ्या पुण्यातून शोधून शोधून माझ्यासारखाच गणितात कच्चा असलेला कॉम्प्युटर आणला होता.

विजयसिंहानं त्याच जागेत बसणारा, गणितं येणारा, जास्त वेगाचा प्रोसेसर दिला. तो लवकर तापतो म्हणून त्याच्या डोक्यावर बसवायचा, खाली धातूची पट्टी असलेला एक चिमुकला पंखाही दिला. बसवायला मी येतो म्हणाला. मी म्हटलं, मी कशाला आहे मग?

घरी आल्यावर प्रोसेसर थेट बसवता आला नसता. आमच्या घरात नवीन आलेली कुठलीही गोष्ट, मग ती शेळी असो की इंजिन, हळदकुंकू लागल्याशिवाय कामाला लावत नाहीत. आई, म्हणजे ठमाबाई, ताट घेऊन आली. आप्पांनी टोपी घातली. मी सायन्सचा माणूस, मी विरोध करायला हवा होता. पण खरं सांगतो, मलाच आतून धाकधूक होती, आणि देवाची थोडी मदत झाली तर मला हवीच होती. उलट मी मोठ्या ऐटीत सूचना दिल्या. खालच्या बाजूला बारीक पिना आहेत, तिकडं बोट लावायचं नाही; वरची बाजू सपाट आहे, तिथं हवं तेवढं लावा. आईनं बोटानं ओलं कुंकू लावलं, हळद लावली. आप्पांनी वर अक्षता वाहिल्या. बाहेर उंबऱ्याजवळ नारळ फुटला. मी अक्षता झटकल्या, प्रोसेसर जागेवर दाबला आणि वर पंखा बसवला. पंखा एका बाजूला जरा कलता बसला. वारं खेळायला फट ठेवलेली असणार, असं मी दिपालीला समजावून सांगितलं.

कॉम्प्युटर चालू झाला. नवीन वेग पडद्यावर आला. नकाशांचा प्रोग्राम उघडला. आईनं सगळ्यांना खोबरं दिलं. दिपालीनं बंगल्याच्या भिंती ओढल्या, खिडक्या पाडल्या, जिना निम्म्यावर आला आणि पडदा जागच्या जागी थिजला. बटणं दाबून उपयोग होईना. बंद करून चालू करावं लागलं आणि जिना गेला.

मी म्हटलं, लाइटचा दोष. दुकानातून स्टॅबिलायझर आणला. पुन्हा जिना गेला. मी म्हटलं, व्हायरस असणार, आणि पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांना नावं ठेवली. मग मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे दात खोडरबरानं घासले. मग प्रोसेसरला किती वीज द्यायची ते ठरवणारे टाचणीएवढे खटके पुस्तकात बघून पुन्हा पुन्हा तपासले. ते बरोबर होते, याचंच मला वाईट वाटलं. शेवटी टेबल फिरवून कॉम्प्युटरचं तोंड पूर्वेला केलं. हे शेवटचं मी एकट्यानं केलं आणि कुणी विचारलं तर उजेड डोळ्यांवर येत होता असं सांगायचं ठरवलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. बंद ठेवून बऱ्याच वेळानं चालू केला की तो थोडा वेळ नीट चालायचा. दुसरा कुणी असता तर त्याला लगेच कळलं असतं की आत काहीतरी तापतंय. मी असा निष्कर्ष काढला की मशीन वयस्कर आहे, त्याला बैलासारखा विसावा लागतो. मग मी त्याच्या विसाव्याच्या वेळा ठरवून दिल्या. बहीण परीक्षेच्या तोंडावर घड्याळ बघत बसलेली आणि कॉम्प्युटर आराम करतोय, असं आमच्या घरात चाललं होतं.

त्यातच एकदा सेव्ह होता होताच पडदा थिजला आणि तिचा अख्खा वरचा मजला गेला. ती उठून मागच्या दारी गेली आणि तिथं बसून रडली. आप्पांनी ते पाहिलं आणि ते माझ्याकडं न बघता वावराकडं निघून गेले. त्या वेळी मला स्वतःची शिसारी आली. कॉलेजातल्या रांगेत उभी राहिली असती, कधीतरी एखाद्या मैत्रिणीकडं मुक्काम केला असता, काहीतरी मार्ग तिनं काढलाच असता. माझ्या भरवशावर ती घरी थांबली होती.

मी ठरवलं, आपल्याच्यानं होत नाही. जुना प्रोसेसर परत बसवायचा, नवा डबीत घालायचा आणि सगळं बारामतीला विजयसिंहापुढं नेऊन ठेवायचं, मग तो काय हसायचं ते हसू दे. कॉम्प्युटर नुकताच थिजून बंद केला होता. मी पंख्याची खिटी काढली. पंखा गार होता. त्याच्याखाली प्रोसेसरला बोट लागलं आणि मी ओरडलो, कारण तो तव्यासारखा तापला होता.

उजेडात धरून पाहिलं. वरच्या सपाट बाजूवर आईनं लावलेलं हळदकुंकू वाळून, भाजून, कडक झालं होतं. त्यात अक्षतेचा एक दाणा रुतून बसला होता. माझ्या त्या झटकण्यातून तो सुटला होता. त्या दाण्यामुळं पंख्याखालची पट्टी प्रोसेसरला टेकलीच नव्हती, आणि टेकल्याशिवाय ती त्याची उष्णता ओढून घेत नाही. देवाची मदत मी बरोबर त्या जागी लावून घेतली होती जिथं काहीही लावायचं नसतं.

दिपाली माझ्यामागं येऊन उभी होती. तिनं दाणा बघितला, मग माझं तोंड बघितलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, वायर सैल होती. दिपालीनं ओढणीचा पदर तोंडात कोंबला आणि खांदे हलवत हसत राहिली. बऱ्याच दिवसांनी ती हसत होती, म्हणून मी तिला हसू दिलं.

दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून स्पिरिट आणून मी प्रोसेसर लख्ख पुसला. पंखा नीट टेकवून बसवला, यावेळी कुठलीही फट न ठेवता. कॉम्प्युटर चालू झाला आणि जिना पूर्ण झाला, त्याच्यावरचा मजला झाला, गच्चीही झाली. तिचं काम होईपर्यंत मी त्या खोलीत गेलो नाही. तिनं तसं सांगितलं नव्हतं, पण मला एवढी तरी अक्कल आली होती.

नकाशे वेळेवर गेले. ती पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी. आप्पांनी शब्द पाळला, पाव्हण्यांचा विषय काढला नाही. बारामतीत एका बांधकामवाल्याच्या ऑफिसात तिला नकाशे काढायची नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी तिला एसटीत बसवायला गेलो. तिथं मी नेहमीसारखी स्वतःची टिंगल केली. म्हटलं, मी मधी पडलो नसतो तर तुझं काम कधीच झालं असतं.

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"दादा, तुला ह्यातलं काय बी कळत न्हाय," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी घरात कॉम्प्युटर आणायचं तुलाच सुचलं. दुसऱ्या कुणाला सुचलं न्हाय."

माझ्याबद्दल इतकं खरं आणि इतकं चांगलं एका दमात कुणी कधी बोललेलं नाही.