शेवटच्या रांगेचे दाजी

"अरे उचल आधी तो दांडको! नायतर मी उचलतंय, आणि मग तुकाही उचलीन!"

आमच्या घाटकोपरच्या कॉलनीत गणपतीतलं नाटक सुरू झालं होतं. पडदा वर गेलेला, आणि राजाच्या वेषातले दाजी तळगावकर संवाद म्हणायचे सोडून लाऊडस्पीकरवाल्या पाटीलवर ओरडत होते. त्या बिचाऱ्यानं स्टेजच्या पुढे एक माईक उभा केला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

"काका, मागच्यांना ऐकू नाही येणार," पाटील म्हणाला.

"मागच्यांचा सोड रे! विक्रोळीत जो झोपलो आसा, तेका जाऊन विचारून ये!"

माईक गेला, नाटक झालं. दुसऱ्या दिवशी विक्रोळीहून झोपमोडीची तक्रार आली, हे मी आजही शपथेवर सांगतो. माझ्या शपथेवर कुणी विश्वास ठेवत नाही, तो भाग वेगळा.

दाजी आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्याला. अंगानं काडी, पण आवाज असा, की देवानं चुकून हत्तीचं सामान उंदराच्या पेटीत भरलेलं. सकाळी मागच्या नाल्याकडे तोंड करून त्यांनी लांबलचक 'आ' लावला, की आरे कॉलनीतल्या म्हशी पान्हा सोडायच्या. म्हणून तर दुधाची गाडी आमच्याकडे वेळेवर यायची. ते गावाला गेले की दूध हमखास फाटायचं.

मी दिवसा कंपनीत नोकरी करायचो आणि संध्याकाळी दाजींच्या नाटकांत काम. काम बहुतेक प्रेताचं. "तुझो चेहरो मेल्यावरच बरो दिसता," असं दाजींचं मत होतं. माझ्या छातीवर डोकं ठेवून ते विलाप करायला लागले, की खालच्या फळ्या अशा हादरायच्या, की प्रेत इंचभर सरकायचं. पुढच्या रांगेतल्या बायका हळहळायच्या, पोरात अजून धुगधुगी आहे म्हणून.

प्रयोग संपला, की रंग पुसायच्या आधी दाजींचा एकच प्रश्न: "शेवटच्या रांगेक पोचला?" टाळ्या किती पडल्या, कोण मोठा माणूस आला होता, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "पुढे बसतत ते पासवाले," ते म्हणायचे. "शेवटच्या रांगेत बसता, तो आपल्यासाठी इलेलो असता." घरी चहा मागतानाही आवाज तोच. काकी, म्हणजे त्यांची बायको, स्टोव्हपुढून न हलता म्हणायची, "पोचला हो. अख्ख्या कॉलनीक पोचला. आता सगळ्यांक चाय करूक लागतली."

कोकणात दशावतारात पहाटेपर्यंत उभे राहून, उघड्या माळावर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांनी हा आवाज कमावला होता. मुंबईत आल्यावर गिरणीत लागले. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची म्हणजे तसाच गळा लागतो. मग कामगारांची नाटकं, मग धंदेवाईक रंगभूमी, गावोगावचे दौरे. माईक आले तसे बाकीचे नट माईकच्या भोवती गुळावर माशा बसाव्यात तसे गोळा झाले. दाजी लांब उभे राहिले. एकदा एक संस्था त्यांची जुनी नाटकं टेपवर घ्यायला आली होती. हारतुरे, पेढे, सगळं घेऊन. दाजींनी पेढे ठेवून घेतले आणि माणसांना परत पाठवलं. "आवाज बरणीत भरूक तो काय लोणचा?"

सिनेमानं मात्र त्यांना बरणीतसुद्धा घातलं नाही. हिंदीत ते कायम न्यायाधीश. त्या काळातल्या निम्म्या खलनायकांना फाशी आमच्या दाजींनी दिली, पण त्यांच्या मालवणी हिंदीवर दुसऱ्याचा आवाज चढवून. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "भाषा तेंची, आवाज तेंचो. माझो फक्त हातोडो." मराठीत तर ते नायिकेचे वारलेले वडील. म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो. एका सिनेमात फोटो पडून फुटतो, तेव्हा थिएटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या. दाजी म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिलो ॲक्शन सीन."

आणि मग, केस पांढरे झाल्यावर, एका मराठी सिनेमात त्यांना मोठं काम मिळालं. गावचा ताठ म्हातारा, स्वतःच्या मुलाला उंबऱ्याबाहेर काढतो आणि सगळ्या गावासमोर एक लांबच लांब भाषण करतो. आयुष्यभर ज्या आवाजासाठी जगले, तो पहिल्यांदा पडद्यावर, मराठीत, त्यांच्या तोंडून निघणार होता. शूटिंग आरेच्या जंगलात झालं. दाजी बोलले, लाइटवाले रडले. पाखरं उडाली ती थेट ठाण्याच्या खाडीवर जाऊन बसली.

पण त्या शूटिंगमध्ये कॅमेरा घरघरायचा, म्हणून आवाज मागाहून बंद खोलीत भरायचा होता. मी सोबतीला गेलो होतो. काचेची खोली, आणि मधोमध दांडका. दाजी मागे सरकत सरकत पार भिंतीला जाऊन टेकले आणि तिथून बोलले. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून फेकले.

"दाजी, हळू," दिग्दर्शक म्हणाला. "कानात सांगितल्यासारखं बोला."

"झीलाक घरातसून भायर काढतंय," दाजी म्हणाले, "आणि ता कानात सांगू?"

बराच वेळ हे चाललं. शेवटी दिग्दर्शकानं हात जोडले. "फार छान झालं दाजी. आता तुम्ही दमलात. बाकीचं आम्ही बघतो." चहा पाजला, पाया पडला, टॅक्सीत बसवून दिलं. दाजी वाटेत मला म्हणाले, "पोरगो गुणी आसा." सिनेमावाला जेव्हा पाया पडतो, तेव्हा पायाखालची सतरंजी तपासून घ्यावी, हे मी त्या दिवसापासून धरून आहे.

सिनेमा लागला, तेव्हा दाजींनी अख्खी बिल्डिंग मुलुंडच्या थिएटरला नेली. काकी नव्या लुगड्यात, मी नवा शर्ट घालून. दाजींनी स्वतःसाठी शेवटच्या रांगेतली जागा घेतली होती. पडद्यावर म्हातारा आला. टाळ्या झाल्या. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, आणि आतून भलताच माणूस बोलला. गुळगुळीत, घोटीव, साबणाची जाहिरात करावी तसा आवाज.

सुरुवातीचे बारीकसारीक संवाद दाजींनी ऐकून घेतले. उंबऱ्याचा प्रसंग आला, तसे ते अंधारात उभे राहिले आणि सगळं भाषण स्वतः बोलायला लागले. ओठ पडद्यावरचे, आवाज पाठीमागून. इतका चपखल, की पहिल्या दोन वाक्यांना स्पीकर ऐकूच आला नाही. इथे मी काडीचंही वाढवून सांगत नाही. पुढची डोकी वळली. कुणीतरी ओरडलं, "ए म्हाताऱ्या, बस ना खाली!" दुसरा म्हणाला, "भाषण ऐकू दे ना यार!" डोअरकीपरनं बॅटरीचा झोत दाजींच्या तोंडावर मारला. तोच चेहरा पुढे पडद्यावर भिंतीएवढा दिसत होता.

"ओ काका," तो म्हणाला, "पिक्चर बघायला आलाय की करायला?"

दाजी खाली बसले. उरलेलं भाषण त्या साबणवाल्यानं पुरं केलं. थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

बाहेर आल्यावर सवयीनं त्यांनी मला विचारलं, "शेवटच्या रांगेक पोचला?"

"पोचलं, दाजी."

"कोणाचो?"

सिनेमा तुफान चालला. पानवाला, इस्त्रीवाला, शाळेतली पोरं, जो तो ते भाषण त्या गुळगुळीत आवाजात म्हणायला लागला. सत्कार झाले. "काय आवाज लावलाय दाजी!" असं लोक घरी येऊन सांगायचे. दाजी मान हलवायचे. खरा आवाज काढून दाखवावा, तर एकजण तोंडावर म्हणाला, "सिनेमात जास्त बरा वाटतो." सकाळचा 'आ' बंद झाला. चहासुद्धा ते हातानं खूण करून मागायला लागले. दूध वेळेवर येत होतं. तेव्हा म्हशींचा आणि दाजींचा काही संबंध नव्हता, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागलं.

मी मेहुण्याचा दुबईचा टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे गेलो. "दाजी, तेच भाषण. एकदा. इथेच, घरात बसून." त्यांनी त्या यंत्राकडे पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल काढून त्यावर पांघरला, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "घेऊन जा." त्यांचं हळू बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. दिग्दर्शकाला हवं होतं, अगदी तसं.

पुढच्या थंडीत ते गेले. शोकसभा कॉलनीच्या शाळेच्या हॉलमध्ये. भिंतीवर हार घातलेला फोटो. त्या कामाची त्यांची तालीम झालेलीच होती. पाटीलनं फोटोसमोर माईक उभा केला आणि क्षणभर मागे सरकून थांबला. कुणी ओरडलं नाही. दिग्दर्शक त्या माईकशी तोंड नेऊन, कानात सांगितल्यासारखं बोलला, की असा आवाज पुन्हा होणे नाही. मग म्हणाला, "आता दाजींच्याच आवाजात त्यांना निरोप देऊ या," आणि कॅसेट लावली. उंबऱ्याचं भाषण. साबणवाला बोलायला लागला. हॉलभर रुमाल निघाले. पाटीलसुद्धा डोळे पुसत होता.

मला राहवेना. मी काकीच्या कानाशी वाकलो. "काकी, मी थांबवतो हे. हा आवाज त्यांचा नाही."

काकीनं फोटोवरची नजर काढली नाही.

"ठावक आसा माका," ती म्हणाली. "पण दुसरो खंय आसा?"