डब्यात पाणी मी भरलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण आता हे आत मावत नाही.

मी व्यवस्थित बाई आहे. सौदीतल्या तबूकमधल्या आम्हा मराठी घरांची शुक्रवारची सहल मीच आखायची. कोण कुठल्या गाडीत, पाणी किती, पराठे कोणाकडे — सगळं ठरलेलं. मुलांना प्राणी ओळखायला शिकवणंही माझ्याकडेच. दार्जिलिंगजवळच्या तळ्यात मी एकदा सॅलॅमँडर पाहिला होता आणि ते इतक्यांदा सांगितलं होतं की मुलं हसायची. दिसायला पालीसारखा, पण बेडकाचा भाऊबंद. अंगावर खवले नाहीत, बोटांना नखं नाहीत, कानाचं भोक नाही. हे मी मुलांकडून घोकून घेतलं होतं.

सर्वांत पक्कं पाठ कोणाला होतं? सनाला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नफीसाची मुलगी, दहा वर्षांची. मूळचे रत्नागिरीकडचे हे लोक. सना सरडा तळहातावर घेऊन त्याच्याशी गप्पा मारायची.

त्या शुक्रवारी वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, खडकांमधल्या डबक्यात मला एक शेपूट हलताना दिसलं. अख्ख्या अरबस्तानात सॅलॅमँडर नाही, हे मला ठाऊक होतं. तरी — की म्हणूनच? — मी ओरडले, "सॅलॅमँडर!"

सनाचे वडील अन्वरभाई वाकून बघत म्हणाले, "वहिनी, पाल पडलीय पाण्यात. का दार्जिलिंगवरनं पोहत आली?"

सगळे हसले. मी नाही हसले. पराठ्यांचा डबा रिकामा करून मी तो जीव त्यात घेतला. सना जवळ आली आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "आंटी, इसके तो नाखून हैं।"

मी पाहिलं का? पाहिलं. दिसली नखं — बारीक, स्पष्ट. माझंच शिकवलेलं ती मला दाखवत होती, आणि तेही चारचौघांत माझं हसू होऊ नये म्हणून हळू आवाजात. मी काय म्हणाले? "मोठ्यांना शिकवायचं नाही, सना."

आणि मग मी डब्यात पाणी भरलं. काठोकाठ. सॅलॅमँडरसाठी कोणी भरेल तसं. कारण सगळे बघत होते. घरी पोचलं की गुपचूप सोडून देऊ, असं मनाशी ठरवलं. झाकण दाबलं आणि डबा सनाच्या मांडीवर दिला. वाटेत तिने विचारलं, झाकण थोडं उघडू का? मी म्हटलं, नको, अजिबात नाही. तिने नाही उघडलं. घर येईपर्यंत दोन्ही हातांनी डबा धरून बसली होती.

पाल बुडून मेली होती.

सगळ्यांसमोर मी सनाकडे वळले. का? तोंड दुसरीकडे वळवता आलं नसतं का? "किती हलवलास डबा!" असं म्हणाले. नफीसाने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि — माझीच माफी मागितली. "ताई, पोरीला अक्कल नाय." मी तिला थांबवलं नाही. त्या संध्याकाळी ग्रुपवर मी मेसेज टाकला: दुर्मीळ जीव, हाताळणीत दगावला. हाताळणीत! शब्दही मी नीट निवडला होता.

सना पुन्हा सहलीला आली नाही. नफीसा सांगायची, शाळेतल्या मैत्रिणीने मांजराचं पिल्लू हातात दिलं तर ही हात मागे घेऊन उभी राहिली. म्हणाली, मेरे से मर जाएगा। हे ऐकून मी काय केलं? चहा गाळला. बिस्किटं मांडली.

मग अन्वरभाईंचं फायनल एक्झिट लागलं, म्हणजे सगळे कायमचे भारतात परतणार होते. जायच्या सकाळी ते सगळे निरोप घ्यायला वर आले. खाली टॅक्सी थांबलेली. सना मोठ्यांच्या मागून पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी आंटी. वो डब्बेवाला।"

दारात आम्ही दोघीच बोलत होतो. एवढं वाक्य पुरलं असतं — पाणी मी भरलं होतं, बाळा. ते जिभेवर आलंही होतं. नफीसा कौतुकाने बघत होती, मुलीने शहाण्यासारखी माफी मागितली म्हणून.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "असू दे. मी विसरलेसुद्धा."

मी तिला माफ केलं.