ओडीलच्या भरवशावर

फोन वाजला की ओडीलला काळजी लागायची, आणि बराच वेळ वाजला नाही की त्याहून जास्त. तेलाच्या धंद्यात हिवाळा असाच काढावा लागतो. दुमाँ ऑइलच्या पुढच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, गुडघ्यांवर शाल घेऊन ती उभा जन्म बसली होती. खोऱ्यातल्या कुठल्या घराच्या तळघरात, घर तापवणाऱ्या भट्टीत जाळायचं तेल किती उरलंय याची काळजी करायची, हीच तिची नोकरी. नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे अमेरिकेतल्या मेन राज्याचं शेवटचं टोक, आणि मधल्या सगळ्या घरांची ऊब या ठेंगण्या, तोंडाळ बाईच्या डोक्यावर.

बहुतेक घरं ऑटोमॅटिकवर होती. म्हणजे गिऱ्हाइकानं फोन करायचा नाही, टाकीचा काटा बघायचा नाही. तेल संपत येण्याआधी टँकर आपणहून दारात हजर. काटा बघायला तळघरात उतरणाऱ्याची इथे चेष्टा व्हायची. "का रे बाबा, ओडीलवर विश्वास नाही?" चर्चमधल्या बीन्सच्या जेवणाला लोक तिला शेजारी बसवून घ्यायचे आणि पोरांना सांगायचे, ही बघ, हिच्यामुळे तू रात्री गोधडीत घाम गाळतोस. ओडील म्हणायची, "माझ्यामुळे नाही रे, तुझ्या बापाच्या पैशामुळे." पण सुखावायची.

पूर्वी ती हे सगळं अंदाजानं आणि कार्डांवरून करायची. मग म्हाताऱ्या दुमाँचा मुलगा कर्टिस गादीवर बसला आणि त्यानं कंपनीचा कारभार क्लाउडवर नेला. गिऱ्हाइकं, पत्ते, टाक्या, फेऱ्या, बिलं, सगळं. लोकांना वाटलं ओडील भांडेल. उलट तीच त्याच्या मागे लागली होती. बाहेरच्या हवेच्या तापमानाचा आकडा कुठूनसा आपोआप यायचा, कुणाच्या घरात किती तेल जळलं असेल ते सॉफ्टवेअर मोजायचं आणि सकाळी फेऱ्यांची यादी तयार असायची. पहिल्याच वर्षी ओडीलनं जुनी कार्डं हसत हसत शेगडीत घातली. आयुष्यात पहिल्यांदा ती जानेवारीत नीट झोपली. हळूहळू कुणाची टाकी लहान, कुणाचं घर वाऱ्याच्या तोंडावर, हे तिला आठवेनासं झालं. आठवायची गरजच काय, असं तिला वाटायचं, आणि कुणालाही वाटलं असतं.

तिचं घरचं गणित मात्र कुठल्याच यंत्राला सुटलं नसतं. नवरा रेयाल दारूडा निघाला. बारा भानगडी सोसून तिनं त्याला घराबाहेर काढलं, तेव्हा सासरे लुजेर भर चर्चच्या पायऱ्यांवर ओरडले होते, "ही आमच्या घरची नव्हतीच कधी." त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नाही. रेयाल पुढे मेला, मुलगी पोर्टलंडला गेली, तरी नाही. रविवारी म्हातारा पुढच्या बाकावर, ओडील शेवटच्या. पण म्हाताऱ्याचं तेल दुमाँचंच होतं. दर हिवाळ्यात टँकर लुजेरच्या दारात वेळेवर जायचा, आणि आपल्यात एवढं तरी शिल्लक आहे असं ती मानायची. त्यांनीही कधी दुसऱ्या कंपनीचं तेल घेतलं नाही.

त्या जानेवारीत मध्येच उबाळा आला. छपरांवरून पाणी टपकायला लागलं, पोरं टोप्या काढून फिरली. मग एका दिवसात वारं उत्तरेला फिरलं आणि जी थंडी पडली ती हटेचना. दाराच्या कड्या बोटांना चिकटायला लागल्या. अशा थंडीत टँकर दिवसभर पळतात. पण यादी रोज आखूडच येत होती.

क्लोव्हिस हा तिचा सगळ्यात जुना टँकरवाला. तो कागद हातात घेऊन म्हणाला, "एवढीच घरं? ओडील, मला घरी बसवायचा विचार आहे का?"

"जा की. बायकोला भांडी घासू लाग. तेवढीच तिची सुटका."

"बाहेर थुंकी गोठतेय, आणि तुझी यादी बघ, उन्हाळ्यातल्यासारखी."

"लोकांनी खिडक्या बदलल्यात, नव्या भट्ट्या बसवल्यात. तुझ्यासारखे फटीतून वारा घेत नाही कुणी बसत." असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. पुढे कितीदा तरी तिनं हे वाक्य मनात परत ऐकलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी ब्रिआनाचा फोन आला. नुकतीच बाळंतीण, मिल रोडला राहणारी.

"ओडील, घर थंड पडलंय. भट्टी नुसती टकटक करते आणि बंद पडते."

ओडीलनं पडद्यावर तिचं नाव काढलं. टाकी अर्ध्याच्या वर. "तेल भरपूर आहे गं. भट्टीच बिघडली असणार. क्लोव्हिसला हत्यारं घेऊन पाठवते. बाळाला तुझ्या आईकडे ने तोवर."

थोड्या वेळानं वायरलेसवर क्लोव्हिसचा आवाज आला. नेहमीसारखी थट्टा नव्हती त्यात.

"ओडील, भट्टीला काही झालेलं नाही. टाकी कोरडी ठणठणीत आहे."

"गळती?"

"गळती कसली. जाळलंय सगळं. थंडी पडली, जाळलं. आपण आलोच नाही."

ओडीलनं हवामानाचा रकाना उघडला. एवढ्या दिवसांत तिनं तो एकदाही उघडला नव्हता. आजची तारीख, आणि पुढे उबाळ्याच्या दिवसाचा आकडा. कालच्या तारखेपुढे तोच आकडा. परवाच्याही. बाहेर झाडं थंडीनं तडकत होती आणि आतमध्ये कारभार बघणाऱ्या त्या शहाण्याच्या लेखी अजून छपरं टपकत होती. रोज सकाळी त्यानं बिनचूक गणित केलं होतं, चुकीच्या हवेचं. बंद पडलं असतं तर कुणीतरी ओरडलं असतं. ते बंदच पडलं नव्हतं.

तिनं फोन उचलला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर गोड आवाजाची एक मुलगी भेटली.

"आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय, मॅडम. सेवा व्यवस्थित चालू आहे."

"अगं बाई, चालू आहे म्हणूनच तर बोंब मारतेय! हवा बघा, हवा. तुमची हवा अडकलीय."

मुलीनं कुणालातरी विचारलं, त्यानं अजून कुणालातरी विचारलं. शेवटी चूक त्यांनाही दिसली आणि दुरुस्तीसाठी त्यांनी सगळंच बंद केलं. ओडीलच्या पडद्यावर एक निळं पान आलं: थोड्या वेळात परत येत आहोत. आता चुकीची यादीही नव्हती. पत्ते नव्हते, फोन नंबर नव्हते, कुणाची शेवटची फेरी कधी झाली तेही नव्हतं. नावं तिच्या डोक्यात होती, पण नुसती नावं, गर्दीतल्या तोंडांसारखी.

कर्टिस धावत आला. टोपीसुद्धा काढली नव्हती. "करार केला तेव्हा म्हणाले होते, हे कधी बंद पडत नाही. कधीच नाही, म्हणाले होते."

"कर्टिस, रड नंतर. फोन कोण करणार नाही, ते सांग."

"म्हणजे?"

"जे फोन करतील ते वाचतील. जे करणार नाहीत ते कोण?"

विचारता विचारताच तिला उत्तर मिळालं. लुजेर. मागच्या रस्त्याच्या शेवटी, एकटे, कानानं अधू, मांडीचं हाड मोडल्यापासून लाकडाची चूलही काढून टाकलेली. हा माणूस मरेल, पण तिच्या टेबलावरचा फोन वाजवणार नाही. त्यांचाच एक नंबर तिला अजून पाठ होता. तिनं फिरवला. घंटा वाजत राहिली. तिनं ठेवला, परत फिरवला. कुणी उचललं नाही.

"झोपले असतील," कर्टिस म्हणाला.

"हो," ओडील म्हणाली आणि कोट चढवायला लागली. बटणं न लावताच ती बाहेर पडली.

क्लोव्हिस टँकर भरून दारात उभा होता. "यादी नाही तर नाही. आधी लुजेरचा रस्ता धरू, वाटेत धुराडी बघत जाऊ. ज्याच्या धुराड्यावर वाफ नाही, त्याच्याकडे तेल नाही. कर्टिस, दुसरी गाडी घे आणि नदीकाठचा रस्ता धर. गिऱ्हाईक कुणाचं ते बघत बसू नको."

वारा पडलेला. अशा थंडीत प्रत्येक पेटत्या घराच्या डोक्यावर वाफेचा सरळ पांढरा दांडा उभा राहतो. ओडील काचेला नाक लावून बघत होती. हे घर, वाफ. ते घर, वाफ. प्रत्येक वाफेला ती मनात आभार मानत होती, देवाचे की कुणाचे ते तिलाही ठाऊक नव्हतं. एका घरावर काहीच दिसलं नाही तेव्हा ती किंचाळली.

"मार्टँची माणसं फ्लोरिडात आहेत," क्लोव्हिस म्हणाला. "आत कुणी नाही. श्वास घे."

"पुढे चल. जोरात चल."

"बर्फ आहे, ओडील. उलटलो तर त्यांना कोण तेल देणार?"

मग शेवटचं वळण आलं. लुजेरचं घर लांबूनच दिसलं. मागे निळं आकाश आणि विटांचं धुराडं, त्यावर काही म्हणजे काही नाही.

रस्त्यापासून तेल ओतायच्या पाइपापर्यंतची वाट मात्र बर्फ उपसून मोकळी केलेली होती. दोन्ही कडा फावड्यानं सरळ कापलेल्या, वर बर्फाचा भुगाही नाही. आदल्याच दिवशी थोडा बर्फ पडला होता. म्हणजे कालपर्यंत तरी म्हातारा बाहेर येत होता, थंड घरातून थंड अंगणात, टँकरसाठी वाट साफ करायला. ओडीलला ते बघवलं नाही. ती तशीच दाराकडे पळाली.

दाराला आतून कडी नव्हती. आत बाहेरच्याइतकीच थंडी, फक्त अंधारी. मोरीत पाणी गोठून पेला तडकलेला. विजेचा एक इवलासा हीटर होता, तोही फ्यूज उडून गप्प. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत दोन कोट आणि एक गोधडी, आणि त्यात कुठेतरी लुजेर. फोन त्यांच्या खांद्याशीच भिंतीवर होता.

"पेपेर!" म्हणजे आजोबा. मुलीच्या लहानपणी घरात सगळे त्यांना तशी हाक मारायचे. इतक्या वर्षांनी ती हाक तिच्या तोंडून आपोआप निघाली. "पेपेर, डोळे उघडा!"

तिनं त्यांचे गाल चोळले. मेणासारखे लागले. तिला वाटलं, संपलं. मग पापणी हलली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, ओळखलं, आणि आश्चर्य वाटल्यासारखं अजिबात दिसलं नाही.

ती भिंतीवरचा फोन ओढून रुग्णवाहिकेला पत्ता सांगायला लागली. बाहेर क्लोव्हिसनं नळी जोडली आणि टाकीत तेल पडायला लागलं तशी तळघरातून बारीक शिट्टी सुरू झाली. भरत असलेली टाकी अशीच वाजते. म्हाताऱ्यानं आपला बरा कान तिकडे वळवला.

"आला," ते म्हणाले.

"आला हो आला. आता भट्टी पेटेल. बोलू नका."

ती खाली बसली आणि त्यांचे हात आपल्या कोटात घेतले. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"मी काय केलं, ओडील?"

"काय?"

"या वर्षी. मी काय केलं?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. या माणसाला सॉफ्टवेअर ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी प्रत्येक हिवाळ्यात ओडीलनंच आठवण ठेवून टँकर धाडला होता, आणि या हिवाळ्यात ओडीलनंच तो धाडला नव्हता. फोन हाताशी असून ते इथे गोठत बसले, कारण शिक्षा देणाऱ्याला फोन करून काय विचारायचं?

"पेपेर, यंत्र चुकलं हो. कॉम्प्युटर. तुमचं एकट्याचं नाही, सगळ्या खोऱ्याचं. त्याला हवाच चुकीची कळली. मी नाही थांबवला टँकर. शपथ घेते, मी नाही."

"कॉम्प्युटर," लुजेर म्हणाले. मयताला आलेला माणूस बरं काहीतरी बोलला की घरचे मान हलवतात, तशी त्यांनी मान हलवली. तिच्या कोटातली त्यांची बोटं किंचित वळली.

"पायऱ्यांवर मी बोललो ते वाईटच होतं. पण आता राग आला तर तोंडावर येऊन सांग. ऐकून घेईन. थंडी नाही सोसत मला."

ओडील त्यांचे हात घट्ट धरून नाही, नाही, एवढंच म्हणत राहिली.