धोंडूच्या उजवीकडची जागा

माझ्या दुकानात घासाघीस न करता सुंभ नेणारं गिऱ्हाईक एकाच कामासाठी आलेलं असतं. बंदरावरचे मचव्यांचे तांडेल वितीवितीसाठी भांडतात, घरं शाकारणारे भांडतात, देवळाचे पुजारीसुद्धा भांडतात. पण तिरडी बांधायला सुंभ नेणारा माणूस सांगितलेला भाव देतो आणि खाली मान घालून जातो. आपणही त्याला चढवून भाव सांगायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी मिरकरवाड्यातला एक खारवी आला, पुढ्यात पडलेलं वेटोळं उचललं आणि केवढ्याला म्हणाला. मी नेहमीसारखा चढा भाव सांगितला. त्यानं लगेच कमरेची पिशवी सोडली. मी त्याचा हात धरला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. "मामा," तो म्हणाला. तेव्हा कुठे तो चेहरा मला ओळखू आला. धोंडूच्या बहिणीचा मुलगा... मी ते वेटोळं त्याच्या हातातून काढून घेतलं, आत गेलो आणि माळ्यावरचं दुसरं काढून दिलं. ते कुठलं होतं ते पुढे सांगतो. पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर धोंडू हसला असता, एवढं मात्र खरं.

या वर्तमानपत्राच्या मागच्या एका अंकात धोंडूच्या निधनाच्या चार ओळी आल्या. 'कैद्यांच्या जीवनावरील ऐतिहासिक बोलपटात त्यांनी काम केले होते,' असं त्यात म्हटलं होतं. ते खोटं आहे. मी छापखान्यात जाऊन तसं तोंडावर सांगितलं, जरा मोठ्यानंच सांगितलं. संपादक म्हणाले, शेट, मग खरं काय ते तुम्हीच लिहा. म्हणून लिहितो आहे. मी शाळेत फार गेलो नाही. हातखंब्याजवळच्या वाडीतून डोक्यावर सुंभाचा भारा घेऊन बंदरावर आलो, दारोदार विकला, आणि आज माझ्या नावाचं दुकान आहे. कुणी दिलेलं नाही. भांडून मिळवलेलं आहे. त्यामुळे लिहिण्यात गोडवा नसला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

जर्मनची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा धोंडू मला पहिल्यांदा भेटला. तो मूळचा नाटे गावचा, घरचा धंदा मासेमारीचा. पण थोरल्या भावाशी पटेना म्हणून बहिणीकडे मिरकरवाड्यात येऊन राहिला आणि एका मचव्यावर खलाशी म्हणून लागला. रिकाम्या वेळात सुंभ वळायचा आणि मला आणून विकायचा. आमच्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालतात, मग मोगरीनं कुटून काथ्या काढतात आणि तो हातावर वळतात. वळणारे सगळे उजव्या हाताचे, म्हणून सुंभाचा पीळही सगळीकडे एकाच बाजूचा. धोंडू डावरा. त्याच्या सुंभाचा पीळ उलटा पडायचा. मी पहिल्याच दिवशी ते बोट ठेवून दाखवलं आणि भाव पाडायला लागलो, की उलट्या पिळाचा माल तांडेल घेत नाहीत. तो दुकानापुढच्या बाकड्यावर डाव्या टोकाला बसला, कारण डावऱ्याचं कोपर शेजाऱ्याला लागतं, आणि गप्प बसून राहिला. मी बोललो, ओरडलो, भाव थोडा वाढवला, पुन्हा ओरडलो. तो समुद्राकडे बघत होता. शेवटी मी कंटाळून त्याला हवा तो भाव दिला तेव्हा म्हणाला, "शेट, घसा बसला असंल. पानी पी." माझ्याशी सौद्यात जिंकलेला असा दुसरा माणूस मला आठवत नाही. बाकीच्यांनी मला फसवलं असेल. ती गोष्ट वेगळी.

मिठाच्या वर्षी किनाऱ्यावर जो तो घागरी घेऊन धावत होता. धोंडूला भाषणातलं काही कळत नव्हतं. पण मचव्यातून मीठ न्यायचं काम कुणीतरी सांगितलं आणि हा हो म्हणाला. मिठाची पोती घेऊन किनाऱ्याला लागला तेव्हा शिपाई उभेच होते. सक्तमजुरी झाली. त्या वेळी तुरुंगात गेलेल्यांत वकील होते, मास्तर होते, त्यांना वरचा वर्ग मिळाला, वाचायला पुस्तकं मिळाली. सुटून आले तेव्हा फाटकावर हार घेऊन मंडळी उभी होती. मी कुणाला नावं ठेवत नाही, त्यांनीही सोसलंच. पण धोंडूला 'सी' वर्ग मिळाला आणि हातात मोगरी मिळाली. जन्मभर जे काम पोटासाठी केलं तेच शिक्षा म्हणून. मी भेटायला गेलो तर नात्यातला नाही म्हणून फाटकावरून परत पाठवलं. मी तिथं बरंच बोललो. उपयोग झाला नाही.

पण तुरुंगात वळलेलं सुंभ फाटकाबाहेर लिलावात निघायचं. आम्ही व्यापारी बोली लावायला जायचो. एकदा ढिगात हात घातला तर बोटांना पीळ उलटा लागला... मी त्या वेटोळ्याचा वास घेतला, ते ओढून पाहिलं, पुन्हा पुन्हा चाचपलं. दुसरा कुणी असता तर माल खराब म्हणून बाजूला टाकला असता. मी अशी बोली चढवली की बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. त्यानंतर प्रत्येक लिलावाला मी आधी उलट्या पिळाचं वेटोळं शोधायचो. ते सापडलं की धोंडू जिवंत आहे, हात चालतोय, एवढं कळायचं. मग पावसाळ्यानंतर एका लिलावात ते सापडलं नाही. पुढच्यातही नाही. मी तुरुंगाच्या मुकादमाला विचारलं, विडी दिली, ती त्यानं कानावर खोचली आणि पुढचा ढीग मोजायला गेला. बऱ्याच दिवसांनी उलट्या पिळाचं एक वेटोळं निघालं, पण ढिलं, जागोजागी काथ्या सुटलेला, आजाऱ्यानं वळल्यासारखं. ते मी विकलं नाही. माळ्यावर ठेवलं. गेल्या महिन्यात त्याच्या भाच्याला दिलं ते हेच.

सुटून आला तेव्हा हार घेऊन कुणी नव्हतं. दुकानात आला, बाकड्यावर डाव्या टोकाला बसला. पाय जवळ घेता येत नव्हते, पसरूनच बसायचा. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. एक मात्र नवीन होतं. त्याच्या उजवीकडे कुणी बसायला आलं की तो हात आडवा धरायचा. लोक हसायचे, तुरुंगात डोकं फिरलं म्हणायचे. मला वाटलं, कोपरासाठीच करत असेल; कोपर तर डावं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

तीन-चार वर्षांनी घाटावरची एक बोलपट कंपनी गावात उतरली. जुन्या काळातल्या कैद्यांवर चित्र काढायचं होतं. गोरा साहेब दाखवायची सोय नव्हती म्हणून पोर्तुगीज फिरंगी दाखवला होता, पण कुणाबद्दल आहे ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भगवतीच्या किल्ल्यावर कॅमेरे चढवले. दोर, मचवे, ओझ्याला माणसं, सगळं मी पुरवलं. कैद्यांच्या घोळक्यात बसायला माणसं हवी होती. धोंडूला विचारलं तर तो नको म्हणाला. दोन दिवसांनी आपण होऊन आला आणि म्हणाला, येतो, पण संध्याकाळची मोजदाद दाखवायला लाव. मी म्हटलं, कसली मोजदाद? तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मी थोडक्यात लिहितो, त्यानंही थोडक्यातच सांगितलं होतं.

तुरुंगात संध्याकाळी कैदी जोडीजोडीनं उकिडवे बसवतात आणि मुकादम जोड्या मोजत जातो. धोंडूच्या जोडीला गणू नावाचा शेतकरी होता, आमच्याच हातखंब्याकडचा. सरकारी रानात कोयता चालवला म्हणून आत आलेला. डावऱ्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं, मोगरी मारताना कोपर लागतं. गणू म्हणाला, मला चालतं, आणि मोजदादीला धोंडूच्या उजवीकडे बसू लागला. पावसाळ्यात त्याला हगवण लागली. एका सकाळी तो उठलाच नाही. त्याच संध्याकाळी मुकादमानं मागच्या माणसाला पुढे सरकून धोंडूची जोडी भरायला सांगितलं. धोंडूनं हात आडवा धरला. रोज सांगत, रोज हा हात धरी. म्हणून दंडाबेडी घातली. दोन्ही पायांत कड्या आणि मध्ये लोखंडी दांडा, चालता येत नाही, वळता येत नाही, रात्री कुशीवर होता येत नाही. सुंभ बंद पडलं ते तेव्हा. "त्याच्या आयेला मी सांगितलाय," धोंडू म्हणाला, "तुजा गणू मोजायचा राहिला नाय. मी जागा धरलेली. पन तिला पटत नाय. तिला सरकारनी कायच सांगितला नाय, तुरुंगातून नुसती चिठ्ठी आली. तिला डोळ्यानी बघू दे."

मी दिग्दर्शकाशी सौदा केला. हा प्रसंग घ्यायचा, एक जागा रिकामी ठेवायची, नाहीतर माझे मचवे उद्या सकाळी परत बंदरावर. त्यानं कपाळाला हात लावला आणि हो म्हणाला. दुपारी ऊन उतरताना चकचकीत पत्रे धरून प्रसंग घेतला. माणसं जोडीनं उकिडवी बसली, धोंडू पाय पसरून. त्यांच्या एका मदतनिसाला वाटलं, चूक झाली. त्यानं एकाला ढकलत आणून धोंडूच्या शेजारी बसवायला घेतलं. धोंडूनं हात आडवा धरला.

"काका, सरका. फ्रेममध्ये भोक दिसतंय."

"ती जागा भरलेली हाय," धोंडू म्हणाला.

तो मदतनीस हसला. पण कॅमेरावाला हसला नाही. त्यानं हात वर केला आणि यंत्र चालू केलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला लोकांसमोर रडायची सवय नाही, म्हणून दोराचं वेटोळं सोडून पुन्हा गुंडाळत बसलो.

चित्र तयार होऊन गावात तंबूत लागलं तेव्हा धोंडू बैलगाडीनं गणूच्या आईला घेऊन आला. तिला कसलाच खेळ माहीत नव्हता. पुढच्या सतरंजीवर दोघं बसले, मी मागे. फिरंग्याची मिशी दिसली, तलवारी दिसल्या, कैदी बेड्या वाजवत कोरसात गायले, फिरंग्याच्या दिवाणखान्यात एक लांबलचक नाच झाला. संध्याकाळ झाली आणि एकदम सकाळ झाली. मोजदाद नव्हती. दिवे लागले. लोक टाळ्या वाजवून बाहेर पडले. म्हातारी तशीच बसून होती.

"धोंडबा, कुठं हाय ती जागा?"

"कापली, आये."

तिनं त्या पांढऱ्या पडद्याकडे बोट केलं. "म्हंजे तिथंपन मोजला नाय," म्हणाली, आणि लुगडं सावरून उठली.

मी घाट चढून कंपनीच्या कचेरीत गेलो. व्यवस्थापक म्हणाला, सरकारनं कापायला लावलं. दिग्दर्शक म्हणाला, लांबी वाढत होती. मी टेबलावर हात आपटला, खुर्ची पाडली, दारातला गडी धावत आला. शेवटी दिग्दर्शकानं खरं ते सांगितलं: "शेट, रिकामी जागा बघायला कोण तिकीट काढणार?" या माणसानं मला शब्द दिला होता. मी धंद्यात उभ्या जन्मात शब्दावर माल दिला आहे आणि घेतला आहे, आणि तो बुडाला तर वसूलही केला आहे. हा वसूल करता आला नाही. कुठल्या कोर्टात जाणार, कसली जप्ती आणणार? ते चित्र अजून गावोगाव फिरतं आहे, कंपनीचं नाव झालं आहे, आणि आमच्या गावातली शहाणी माणसं छापतात की धोंडूनं त्यात काम केलं. नाही केलं. घोळक्यात कुठे त्याचा खांदा दिसत असेल तर तो त्याचा नव्हे असं समजावं.

परत आल्यावर मी धोंडूला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. मला चिडायला सोबत होईल. तो बाकड्यावर बसून ऐकत होता. मला एका शब्दानं बोल लावला नाही. "जाऊ दे. तू भांडलास ना," एवढंच. याचा मला आजही राग येतो. माझ्यासारखा तो एकदा तरी ओरडायला हवा होता. त्यानंतर हिवाळा आला की खोकला धरायचा, पाय सुजायचे, मचव्यावर चढणं बंद झालं; रोज उठून दुकानात यायचा, डाव्या टोकाला बसून सुंभ वळायचा, आणि उजवीकडे कुणी टेकू लागलं की हात. हळूहळू बंदरावरच्या लोकांना सवय झाली. नवखा कुणी आला तर तेच त्याला उभं करायचे. का, ते त्यांना माहीत नव्हतं. शेवटचा आला त्या दिवशी काथ्या अर्धाच वळून ठेवला, उद्या पुरा करतो म्हणाला... तो अजून खुंटीला आहे.

धोंडूचं सगळं क्रियाकर्म उरकल्यावर एका दुपारी गणूची आई दुकानात आली. हातखंब्याहून चालत आली होती. तिला कुणी कळवलं ते मी विचारलं नाही. आत गादीवर ये म्हटलं तर हितंच बरी हाय म्हणाली आणि बाकड्यावर बसली. डाव्या टोकाला नाही, त्याच्या उजवीकडे, जिथं इतकी वर्षं कुणाला बसू दिलं नव्हतं तिथं. मी पाणी दिलं. तिनं ते प्यायलं, भांडं बाजूला ठेवलं आणि डावा हात पलीकडच्या रिकाम्या फळीवर ठेवून बसून राहिली. तेवढ्यात बंदरावरचं एक गिऱ्हाईक आलं, नवखं होतं, उन्हानं दमलेलं. डाव्या टोकाला टेकायला वाकलं. मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली, "तिथं मानूस बसलाय, बाबा."

ते गिऱ्हाईक सरळ उभं राहिलं. उभ्याउभ्याच त्यानं सुंभाचा भाव विचारला, आणि मी सांगितला.