तीन पुसट गुठळ्या

वहिनी गेली त्या दिवशी मी सांगलीच्या रक्तपेढीत कामावर होतो.

त्याआधी पंधरा दिवस, फलटणला उसाच्या ट्रॉलीवरून पडून तिची मांडी मोडली होती. भाऊ रक्तपेढीत आहे म्हणून दादाने तिला सांगलीला आणलं. नमुना मीच घेतला.

"आवं भावजी, सायेब झालासा आन् सुई टोचाया भ्यातासा व्हय?" दुखत असूनही ती हसली.

अर्जावर विचारलेलं असतं: किती वेळा दिवस गेले, पूर्वी रक्त चढवलं का. दिराने वहिनीला हे विचारायची आमच्याकडे रीत नाही. एक मुलगी आहे एवढं मला ठाऊक होतं. मी न विचारताच 'एक' लिहिलं, पुढे 'नाही'.

तपासणीत अनपेक्षित गुठळ्या दिसल्या. अशा वेळी रुग्णाचं रक्तद्रव माहितीतल्या अकरा पेशींशी मिसळतात आणि गुठळ्या कुठे होतात त्यावरून अँटीबॉडी ओळखतात. तीन पेशींत पुसट गुठळ्या आल्या. त्या तिन्हींत असलेल्या एका घटकाविरुद्धच्या अँटीबॉडीचा मला संशय आला. पण तोच घटक असलेल्या आणखी दोन पेशी स्वच्छ राहिल्या, म्हणून तिच्यावर मी काट मारली. त्या दोन पेशींत तो घटक एकेरी होता, म्हणजे निम्म्या मात्रेत; आधीच्या तिन्हींत दुहेरी. जुनी, विरलेली अँटीबॉडी एकेरी पेशीला दाद देत नाही, हे मी शिकाऊंना फळ्यावर लिहून देत आलोय. पूर्वी रक्त चढवल्याची नोंद असती तर मी तिथेच थांबलो असतो. 'विशेष काही नाही' असं लिहून मी सही केली. दोन पिशव्या जुळल्या, चढल्या.

आठवड्याने तिचे डोळे पिवळे झाले, लघवी काळपट झाली. मी नवा नमुना लावला. आता एकेरी पेशींतही गुठळ्या ठसठशीत होत्या; चढवलेल्या रक्ताने जुनी अँटीबॉडी जागी झाली होती आणि ती त्याच रक्ताच्या पेशी फोडत होती. मग मूत्रपिंडं थांबली.

दहाव्याला तिची आई जतहून आली. वहिनीची बाळंतपणं तिकडेच झाली होती.

"पयली दोन पोटातच गेली, पावनं. तवा रगत चढवलं हुतं तिला."

"मला कुणी बोललं नाही," मी म्हणालो.

"तुमी इचारलं कवा?"



चूक मी वरिष्ठांना लिहून दिली. दादाला वाटतं, ती काविळीने गेली. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.