पौलाचं जहाज आणि आमचे चीफकाका

प्रेषित पौलाला रोमला पोचताना जेवढा त्रास झाला नसेल, तेवढा आमच्या वरच्या मजल्यावरच्या चीफकाकांना गोष्टीत त्याला तिथवर पोचवताना होतो. काका मूळचे मालवणचे. मालवाहू बोटींवर चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि इथे परदेशात, पासिर रिसला स्थिरावले. घरात दीड दिवसाचा गणपती, सोमवारचा उपास, सगळं रीतसर. पण पूर्वी कधीतरी बोटीवरच्या एका केरळी खलाशाने ‘आमच्याकडे प्रेषित थोमा गलबतातून आला’ असं सांगितलं आणि काकांना प्रेषितांच्या प्रवासाचं वेड लागलं ते लागलंच. त्यांच्या मते ख्रिस्ती धर्म पसरला तो बंदराबंदरांतून. व्यापारी जहाज जिथे लागायचं तिथे कुणीतरी पौलाला घरी न्यायचं, जेवू घालायचं, आणि तो पुढे गेला की त्याच घरात दहा-पाच माणसं प्रार्थनेला जमायला लागायची. “उपदेश नंतर रे, आधी पाहुणचार,” असं म्हणून ते आपल्याही पाहुण्याला तीन-तीन तास सोडत नाहीत.

हॉलच्या भिंतीवर भूमध्य समुद्राचा नकाशा आहे. जेवायला बसलं की मिठाची वाटी क्रीट बेट होते, लोणच्याची बरणी माल्टा बेट, आणि आमटी त्या दोघांच्या मध्ये थांबून निवत राहते. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने एकदा इथल्या इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, “अंकल, स्टॉर्म लेटर लाह, ईट फर्स्ट.”

काकांचा लाडका प्रसंग एकच. हिवाळा तोंडावर आलेला, पौल सांगतोय की आता बंदर सोडू नका, पण त्याला कैदी म्हणून नेणारा रोमन अधिकारी त्याचं सोडून कप्तानाचं ऐकतो आणि जहाज चौदा दिवस वादळात सापडतं. इंजिनात जन्म काढलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरे. जहाज हाकणाऱ्या डेकवाल्यांची ही कुणाचं न ऐकण्याची खोड दोन हजार वर्षांची आहे, असं म्हणून ते त्या कप्तानाचा असा उद्धार करत की माझी कामाला जायची बुओना व्हिस्टाची ट्रेन हमखास चुकायची. जहाजाचं पुढे काय झालं, हे सहा वर्षांत मी कधी ऐकलंच नव्हतं. आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने नेमकं डेकच निवडलं. ती सेकंड मेट, म्हणजे डेकवरची अधिकारी, झाली तेव्हा काकांनी पेढे वाटले, पण तोंड कडू करून.

मागच्या पावसाळ्यात दक्षिण चीन समुद्रात तुफान उठलं आणि तिच्या बोटीशी संपर्क तुटला. कंपनीकडे विचारलं की एकच उत्तर, कळलं की कळवू. दीड दिवस असा गेला. शनिवारी सकाळी मी वर गेलो तर काकू देवापुढे बसलेल्या आणि काका नकाशापुढे. मला बघूनही त्यांनी त्या कप्तानाचा विषय काढला नाही. काही सुचेना, म्हणून मी पहिल्यांदाच आपण होऊन विचारलं, “काका, पौलाच्या जहाजाचं पुढे काय झालं?”

ते सांगायला लागले. माल्टाच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं. कुणी पोहत, कुणी फळ्या धरून, पण होती ती पावणेतीनशे माणसं काठाला लागली. बेटावरच्या लोकांनी त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली.

“सगळे वाचले?” काकूंनी देवापुढूनच विचारलं.

“सगळे गं,” काका म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

दुपारी ताटं तशीच पडलेली असताना फोन आला. मुलीचाच. वादळात अँटेना मोडली होती, एवढंच. कप्तानांनी वेळेवर लांबचा वळसा घेतला म्हणून उशीर झाला, पण बोट आणि माणसं सुखरूप होती. काकू रडता रडता हसायला लागल्या. मग काकांनी फोन घेतला. “तुझ्या कप्तानांना माझा नमस्कार सांग,” ते म्हणाले. पोरीला खरं वाटेना, तिने त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

तेव्हापासून काका गोष्ट उलटी सांगतात. आधी सगळे वाचले, मग हवं तर वादळ. माझी ट्रेन आता चुकत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची चुटपुट लागते. परवा मीच मुद्दाम डिवचलं, की पौलाच्या त्या कप्तानाचं ऐकून चूकच झाली ना. काकांनी नकाशातल्या माल्टावर बोट ठेवलं.

“असू दे रे,” ते म्हणाले, “पोचले ना.”