चिनी मातीची भांडी

लग्न होऊन मी राहात्याला आले तेव्हा माझे सासरे पोस्टातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. निवृत्त झाले म्हणजे फक्त पगार थांबला. सकाळी दहाला कोट घालून मामंजी पोस्टाच्या ओट्यावर जाऊन बसतच. मनीऑर्डर करायला कुणी आला की त्याला आधी विचारायचे, "खातं आहे का?" नसलं तर मनीऑर्डर बाजूला राहायची आणि त्याचं खातं निघायचं. मी सून म्हणून घरात आले त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात साडी ठेवली नाही, पासबुक ठेवलं. आत पाच रुपये जमा होते.

सासूबाईंचं या सगळ्याबद्दल काही म्हणणं नसायचं. त्यांना घर चालवायचं होतं आणि ते दिवस कठीण होते. दुष्काळ नुकताच सरला होता, पण भाव काही खाली यायला तयार नव्हते. डालडा दुकानात आला की निरोप यायचा आणि आपण पोचेपर्यंत संपायचा. वाण्यानं सकाळी पाटीवर लिहिलेला गोडेतेलाचा भाव संध्याकाळी त्यानंच पुसलेला असायचा. सासूबाई स्वयंपाक करता करता भाव म्हणायच्या, इतर बायका स्तोत्रं म्हणतात तसे.

त्यातच त्यांच्या बचतपत्राची मुदत संपली. फार वर्षांपूर्वी त्यांना माहेरून थोडे पैसे मिळाले होते. त्यांच्या मनात पाटल्या करायच्या होत्या. मामंजींनी समजूत घालून बचतपत्र घेऊन दिलं होतं. आता मामंजी स्वतः जाऊन व्याजासकट रक्कम घेऊन आले, देवापुढे ठेवली, वर पेढेही आणले. सासूबाई मला घेऊन थेट सोनाराकडे गेल्या. सोनारानं हिशेब केला आणि अवघडून म्हणाला, "काकू, यात एक पाटली बसेल. तीही जरा हलकीच."

घरी आल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं. "पैसे वाढले की नाही?"

"वाढले."

"मग?"

"पैसे वाढले आणि पाटल्या कमी झाल्या."

"अगं, त्याला सरकारची हमी आहे."

"हमी काय हातात घालून मिरवू?"

त्या रात्री जेवताना आमच्या ह्यांनी सहज एक बातमी सांगितली. हे साखर कारखान्यात स्टोअरला होते, त्यामुळे नगरच्या व्यापाऱ्यांच्या भानगडी त्यांना कळायच्या. नगरच्या एका मोठ्या दुकानदाराचं दिवाळं निघालं होतं आणि बँक त्याच्या गोदामातला माल लिलावात काढणार होती. ह्यांनी ताकाचा भुरका घेतला आणि विषय सोडला. सासूबाईंनी नाही सोडला. कधी, कुठे, काय काय आहे, सगळं विचारून घेतलं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते; मला म्हणाल्या, "परवा शाळेत रजा टाक."

मामंजींचा घास हातात राहिला. "लिलावातला माल म्हणजे बुडालेल्या माणसाचा माल. ज्याला धंदा येत होता त्याला तो विकता आला नाही, आणि तू विकणार?"

"तो उधारीनं बुडाला असेल. मी उधार देणार नाही."

"आणि नाही खपला तर?"

"तर पडून राहील. तुमचे पैसे पडून राहिले तर आटतात, वस्तू तेवढीच राहते."

यावर मामंजींनी दहीभात मागितला. वादात उत्तर सुचलं नाही की ते दहीभात मागत.

आम्ही पहाटेच्या एस.टी.नं निघालो. गोदामात सगळे टोपीवाले व्यापारी आणि मधोमध बँकेचा एक घामाघूम साहेब. बायका आम्ही दोघीच. कापडाचे तागे, रंगाचे डबे, तारेची भेंडोळी असं एकेक जात होतं. सासूबाई प्रत्येक वस्तूला हात लावून बघत, बाजारात वांगी बघतात तशा. मग एका कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यांच्या थप्पीची पाळी आली. वरचं खोकं उघडलेलं होतं, आणि त्यात भाताच्या पेंढ्यात निळ्या फुलांच्या कपबश्या.

"चिनी मातीची भांडी," साहेबानं पुकारलं. "आहेत तशी, आहेत तिथं. सगळी खोकी मिळून एक बोली."

सासूबाईंनी माझा दंड धरला. "वर कपबश्या आहेत म्हणजे खाली बरण्या असणार. मोठ्या, लोणच्याच्या. कैऱ्यांचे दिवस तोंडावर आलेत." आणि त्यांनी हात वर केला.

समोर एक काळी टोपी घातलेला व्यापारी बोली लावत होता. सासूबाई चढत गेल्या. एकदा तो थांबला, आमच्याकडे बघून हसला आणि हात जोडून म्हणाला, "घ्या आई, तुम्हीच घ्या." सासूबाईंना वाटलं, त्यांनी त्याला हरवलं. परतीच्या एस.टी.त त्यांनी ते हसू मला तीनदा वर्णन करून सांगितलं.

माल टेम्पोनं मागून येणार होता. तो दुपारी यायचा तो संध्याकाळपर्यंत आला नाही. टेम्पो पळवला, उलटला, सगळ्या बरण्या फुटल्या, असं काय काय माझ्या मनात येऊन मी चुलीपुढे रडले. सासूबाई शांतपणे भाजी चिरत होत्या. दिवेलागणीला टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा आळीतल्या निम्म्या बायका बरण्या निवडायला ओट्यावर जमलेल्या होत्या.

पहिल्या दोन खोक्यांत कपबश्याच निघाल्या. तिसरं खोकं ह्यांनी उघडलं, पेंढा बाजूला केला आणि एक पांढरंशुभ्र, गुळगुळीत, वजनदार भांडं दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं. वरून रुंद, खाली निमुळतं, मागच्या अंगानं वाकडं.

"अगं बाई, केवढी ही बरणी!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "पण हिचं झाकण?"

"आणि ही अशी वाकडी का?" दुसरीनं विचारलं. "मुरांबा खाली साचेल की."

मी पुण्याला आत्याकडे शिकायला होते. आत्याचे यजमान रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे त्यांच्या बंगल्यात मी हे भांडं बघितलं होतं, वापरलंही होतं. मी सासूबाईंच्या कानाशी लागून हळूच सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भांड्याकडे, आणि मग मोठ्यानं विचारलं, "यावर? बसून?"

ओटा क्षणात रिकामा झाला. काकूंनी भांड्यात हात घालून बघितला होता; त्या तशाच हात लांब धरून घरी पळाल्या आणि त्यांच्या न्हाणीघरातून बादल्या ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

एवढ्यात मामंजी पोस्टाच्या ओट्यावरून परतले. ओट्यावरचं भांडं बघून उंबऱ्याबाहेरच थांबले.

"हे काय?"

"चिनी मातीची भांडी," सासूबाई म्हणाल्या.

"कसली?"

"बसायची."

मामंजींना उलगडायला थोडा वेळ लागला. उलगडल्यावर ते एवढंच म्हणाले, "घरात देव आहेत."

"अहो, कोरी आहेत ती. वापरलं नाही तोवर बरणीच म्हणायची." सासूबाईंनी पदर खोचला आणि पुढचं खोकं उघडायला सांगितलं. उरलेल्या सगळ्या खोक्यांत तेच. तीसेक तरी असतील.

कपबश्या दोन दिवसांत रोखीनं संपल्या आणि घातलेल्या पैशातला थोडा भाग परत आला. बाकीचा पांढरा माल पडवीत ओळीनं मांडून त्यावर जुन्या चादरी घातल्या. संध्याकाळच्या अंधूक उजेडात, लांबचे पाहुणे येऊन माना खाली घालून बसलेत असं वाटायचं. शाळेत पोरी विचारायच्या, "बाई, तुमच्याकडे सिंहासनं आलीत म्हणे?" मामंजी तर पडवीचा रस्ता सोडून मागच्या दारानं जा-ये करू लागले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक शेतकरी आला. चादर उचलून त्यानं भांडं चारी बाजूंनी निरखलं, बोटानं वाजवलं.

"आई, म्हशीला पेंड भिजवाया लई झ्याक हाय. पर खाली भोक हाय की."

"सिमेंटनं बुजवा," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, पर ह्ये असतंय कशाचं?"

सासूबाईंनी खरं सांगितलं. खोटं बोलून विकणं त्यांना जमलं नसतं. तो बराच वेळ हसला, मग म्हणाला, "म्हशीला कुटं ठावं हाय?" आणि दोन घेऊन गेला. पुढं दोन-चार महिने बाजारात भेटला की तो म्हशीची खुशाली सांगायचा.

त्यानंतर कुणी फिरकलं नाही. मी घाबरून गेले होते. सासूबाई मात्र ह्यांना दर आठवड्याला नगरचे भाव विचारायच्या. कोळसा मिळत नाही म्हणून भट्ट्या बंद पडतायत, चिनी मातीचा माल येत नाही, असं हे सांगायचे. सासूबाई पडवीकडे बघून म्हणायच्या, "बसू देत. बसल्या बसल्या वाढतायत."

मग एका सकाळी मामंजी परसातल्या संडासातून बाहेर येईनात. हाका मारल्या तर आतून बारीक आवाज आला, "मला उठता येत नाही." गुडघे धरले होते. ह्यांनी कडी वाकवून दार उघडलं आणि त्यांना उचलून आणलं. दिवसभर मामंजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पोस्टाच्या ओट्यावर गेले नाहीत, असा तो पहिलाच दिवस.

सासूबाईंनी गवंडी बोलावला, परसात खड्डा खणून घेतला आणि पडवीतलं एक भांडं तिथं बसवलं. शेजारी पाण्याची बादली आणि भिंतीला धरायला एक दांडी. मामंजींनी ते दोन दिवस नुसतं लांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी पंचा गुंडाळून आत गेले आणि इतका वेळ बाहेर आले नाहीत की आम्ही पुन्हा घाबरलो. आले ते हात-पाय धुऊन चहाला बसले. अर्धा कप संपल्यावर म्हणाले, "हे सरकारनं फार आधी करायला हवं होतं."

सासूबाई आत जाऊन तोंडाला पदर लावून हसल्या. मी बघितलं.

त्या दिवसापासून पोस्टाच्या ओट्यावर मामंजींचे प्रश्न दोन झाले. आधी "खातं आहे का?" आणि मग, माणूस साठीपुढचा असला तर, "गुडघे कसे आहेत?" राहात्यात गुडघे धरलेली बरीच प्रतिष्ठित माणसं निघाली. अंधार पडल्यावर त्यांच्या बैलगाड्या आमच्या दाराशी यायच्या आणि भांडी गोणपाटात बांधून जायची. मामंजी प्रत्येकाला बसवायची पद्धत समजावून सांगत, अगदी मनीऑर्डरचा फॉर्म समजावून सांगावा तशी.

पण खरा माल गेला तो शिर्डीला. तिथं तेव्हा नुकती लॉजं उभी राहायला लागली होती, आणि मुंबईहून येणारी मंडळी खुर्चीचा संडास मागत होती. असं एक लॉज बांधणारा गृहस्थ विचारत विचारत आमच्याकडे आला. सासूबाईंनी सांगितलेला भाव ऐकून तो चाट पडला.

"आई, नगरला याच्या निम्म्यात मिळतं."

"नगरला माल आहे?"

"सध्या नाही."

"मग जो माल नाही त्याचा भाव मला कशाला सांगता?"

तो उरलेली सगळी घेऊन गेला. सासूबाईंचे पैसे दुपटीच्या वर झाले, आणि तेही एका वर्षाच्या आत. मामंजींच्या पोस्टाला त्यासाठी किती वर्षं लागली असती हे कुणी बोललं नाही, पण त्या आठवड्यात दहीभात बराच लागला.

आता आळीतल्या बायका सल्ल्याला येऊ लागल्या. मला वाटलं, सासूबाई सगळ्यांना लिलावाला नेणार. त्यांनी उलटंच केलं. एकीला म्हणाल्या, "तुला पोरीचं लग्न करायचंय, पोस्टात टाक." दुसरीला म्हणाल्या, "तुझ्या घरी माल ठेवायला पडवी नाही, पोस्टात टाक." माझ्या पगारातले थोडे साठले होते. पुढच्या लिलावात तेही घाला म्हणून मी मागं लागले, तर मलाही तेच.

"आई, मी तर तुमच्याबरोबर होते!"

"होतीस. टेम्पोला उशीर झाला तर रडलीस. रडणाऱ्यानं पोस्टात टाकावेत."

मला राग आला, पण मी टाकले. मामंजींनी फॉर्म भरून दिला, आणि सगळी बाजी आपणच मारली अशा थाटात घरी आले. आळीतली निम्मी खाती सासूबाईंनी पाठवलेली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसरा लिलाव निघाला तेव्हा मामंजी म्हणाले, "या वेळी मी येतो. माल न बघता घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे." कोट घालून, छत्री घेऊन ते निघाले. मी शाळेत होते, पण पुढची हकीकत दोघांकडून इतक्यांदा ऐकली की मी तिथं असल्यासारखंच वाटतं. मामंजींनी साहेबाला सांगितलं, बोली सुरू होण्याआधी प्रत्येक खोकं उघडून दाखवा. साहेब कुरकुरला, पण मामंजींच्या आवाजात अजून सरकारी खात्याची जरब होती. एकेक खोकं उघडलं गेलं. आत पितळेचे कोरे तांबे, घंगाळं, समया, सगळा एक नंबरचा माल. मामंजींनी वळून विजयी मुद्रेनं सासूबाईंकडे बघितलं, तर त्यांच्या मागं सगळे टोपीवाले टाचा उंचावून खोक्यांत डोकावत होते. बोली सुरू झाली आणि तिसऱ्या हाकेलाच सासूबाईंच्या पिशवीच्या पलीकडे गेली.

दोघं रिकाम्या हातांनी परतले. एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत भांडतच आले. ओट्यावरून मला आवाज आधी आला, माणसं नंतर.

"बंद राहू दिली असती तर आपल्याला मिळाली असती!" सासूबाई म्हणत होत्या.

"आणि आत पुन्हा तीच निघाली असती तर?"

"तर गुडघे आहेतच की गावात!"

मामंजी चपला काढता काढता थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. आणि हिला विचार, पुढचा कधी आहे."